राजा कुठं रं, सांग

आमच्या घरात मूल चार-पाच महिन्यांचं झालं की त्याच्या अंगावर एक गाणं वाजवायची पद्धत आहे. गायची म्हणत नाही, कारण त्याला चाल अशी काही नाही. मुलाला मांडीवर उताणं घ्यायचं, एका डोळ्यावर बोट टेकवायचं, मग दुसऱ्या डोळ्यावर. मग पोटावरून दोन बोटं हळूहळू चालवत न्यायची, तळपायांवर टपटप चापट्या मारायच्या आणि शेवटी दोन्ही काखांत हात घालून मुलाला हसवून हसवून बेजार करायचं. शब्द असे:

इकडं सूर्य, तिकडं चंद्र,
मधी मुंग्यांची रांग,
खाली गाढव लाथा झाडी,
राजा कुठं रं, सांग!

बोलता येणाऱ्या मुलानं ह्यावर "मी!" असं ओरडायचं. दोन मुलं असतील तर जो आधी ओरडेल तो राजा, आणि राजाला दुधावरची साय. ह्या सायीपायी आमच्या घराण्यात किती जणांनी एकमेकांना ओरबाडलंय ह्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते थोरले. त्यामुळे लहानपणी राजा बहुतेक वेळा तेच झाले. धाकटे चुलते, तात्या, त्यांना साय मिळाली नाही. तात्यांचं ऐकाल तर एकदाही मिळाली नाही. आबांचं ऐकाल तर साय रोज तात्याच खायचे. ह्या दोघांचा एकमेकांवर विश्वास किती, ते तुम्हाला इथंच कळावं म्हणून सांगितलं.

दोघांना हे गाणं शिकवलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आत्यानं. आत्या आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे. आई दिवसभर रानात, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या आत्यानंच ही दोन पोरं कडेवर वाढवली. पुढं तिला म्हसवडकडं, दुष्काळी भागात दिली. आम्ही उंब्रजच्या पलीकडचे, कृष्णाकाठचे, उसात लोळणारे लोक. आत्या म्हणायची, "तुमच्याकडं पाणी हाय म्हनून भांडायला येळ हाय. आमचा समदा येळ घागरीत जातोय."

मी सांगलीत एका शाळेत बालवर्गाची बाई होते. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसली आणि त्यांना गाणी शिकवली. पुस्तकातली गाणी संपली की मी आमचं घरचं गाणं काढायची. मुलं जोडीजोडीनं एकमेकांच्या डोळ्यांवर बोटं ठेवायची आणि शेवटी सगळा वर्ग "मी! मी!" करून छपरं उडवायचा. एकदा मुख्याध्यापिका दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्या गाण्यातून मुलांना बोध काय होतो?" मी म्हटलं, "काही नाही. मजा येते." माझं तोंड असं आहे. त्यामुळे बढती मला जरा उशिराच मिळाली.

पण खरं सांगायचं तर मलाही कधीकधी वाटायचं, हे गाणं आहे तरी काय? सूर्य-चंद्र ठीक. मधेच मुंग्या कुठून आल्या? गाढव का? आणि राजा कुठंय असं विचारायचं, पण राजा काही सापडत नाही. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "आईनं मला शिकिवलं, मी तुमास्नी. तिनं इचारलं न्हाई, मी इचारलं न्हाई. तूच एवडी शाणी निगालीस." मग मीही विचारायचं सोडलं.

आता बांधाविषयी सांगायला हवं. शेतात राहणाऱ्याला समजावायची गरज नाही, पण शहरातल्या वाचकासाठी सांगते. दोन शेतांच्या मधला मातीचा उंचवटा म्हणजे बांध, आणि बांध कोरणं ही आमच्याकडची एक स्वतंत्र मशागत आहे. नांगरट करताना फाळ जरा बांधाकडं झुकवायचा. एका वर्षी वीतभर माती आपल्याकडं येते. कुणी बघितलं तर म्हणायचं, "बैल वढीत हुता." आता बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी कारण तेच सांगतात. शेजारीही गप्प बसत नाही, तो पुढच्या वर्षी त्याच्या बाजूनं कोरतो. अशानं दोन्ही शेतं जागच्या जागी राहतात आणि बांध मात्र बारीक होत जातो.

आबा फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि काही वर्षांनी त्यांनी फीत घेऊन बांध मोजला. खंदक मोजावा तसा. तात्यांच्या बाजूनं हात-दीड हात गेलाय, असा त्यांचा निकाल लागला. तात्यांनी त्यांची फीत आणली. त्यांच्या फितीवर आबांच्या बाजूनं दीड हात गेला होता. मग सरकारी मोजणी मागवली. मोजणीवाले दोनदा आले आणि दोन वेगळ्या रेघा दाखवून गेले. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद, ते एकोणीस वर्षं. घरं शेजारी शेजारी, मधे एक हौद. आबांना तात्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ माहीत. तात्यांना आबांच्या उसाला तोड कधी लागणार ते माहीत. काकी दोन्हीकडं ये-जा करते, मुलं-नातवंडं दोन्हीकडं जेवतात. फक्त हे दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. अगदीच अडलं तर म्हशीला ऐकवायचे.

ह्या बांधावर एक दगड आहे. कंबरेएवढा, शेंदरानं माखलेला, ना डोकं ना धड. आम्ही त्याला म्हसोबा म्हणायचो. दगड मधोमध असल्यामुळे दोन्ही घरांचा. पण बोलणं बंद झाल्यावर त्याचीही वाटणी झाली. शनिवारी आबा त्याला शेंदूर लावायचे, पण अर्ध्याच अंगाला, आपल्या शेताकडच्या. मंगळवारी तात्या उरलेल्या अर्ध्याला. मधोमध दोन बोटांची पट्टी तशीच कोरी राहिली होती, तिच्यावर कुणीच हक्क सांगत नव्हतं. नारळ मात्र दोघंही समोरच्याच एका कोपऱ्यावर फोडायचे, कारण तिथं फुटायला बरा पडतो.

आणि आत्याची भाऊबीज. ती दरवर्षी यायची. आबांच्या घरी पाट मांडायचा, ओवाळायचं, अर्ध्या पोळीवर उठायचं. मग हौदाला वळसा घालून तात्यांच्या घरी जायचं, पुन्हा पाट, पुन्हा निरांजन, उरलेली अर्धी पोळी. असं एकोणीस वर्षं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी तिनं मला फोन केला.

"माजं गुडघं गेलं आता," ती म्हणाली. "दोन घरी दोनदा उठबस मला न्हाई जमायची. ह्या टायमाला एकाच जाग्याव वोवाळनार. जागा दोगांनी मिळून ठरवावी. न्हाई ठरली तर भाऊ न्हाई आसं धरीन आन् चंद्राला वोवाळून घरला जाईन. सांग दोगांस्नी."

आमच्याकडं ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. जिवंत दोन भाऊ असताना कुठली बाई असं बोलत नाही. मला धडकीच भरली, कारण आत्या एकदा बोलली की फिरत नाही. मी गावी जाऊन निरोप पोचवला. आबा म्हणाले, "माझ्याकडं ये म्हणावं. बडा मैं हूं." तात्या म्हणाले, "ल्हानाकडं यावं लागतं, आसं सांग तिला. आन् त्याला बी सांग." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, हौदापलीकडंच आहेत." तात्या म्हशीकडं बघायला लागले. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण त्या दिवशी दोघांनाही बालवर्गात कोपऱ्यात उभं करावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात दुसरा फोन आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी. चार वर्षांची असताना शाळेत येताना दाराची कडी धरून रडायची. आता कॉलेजात जुन्या दगडांवरची अक्षरं वाचायला शिकते.

"बाई, तुमचं ते सूर्य-चंद्राचं गाणं कुठलं हो?"

"आमच्या घरचं. का गं?"

"आज वर्गात सरांनी एका शिलालेखाचा फोटो दाखवला. वर सूर्य आणि चंद्र, मधे बारीक अक्षरांच्या ओळी, खाली गाढव. माझ्या तोंडून आपोआप गाणं बाहेर पडलं. सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, हे तू कुठं ऐकलंस?"

मी खुर्चीवर बसले. मुंग्यांची रांग! पन्नास वर्षं मी पोरांच्या पोटावरून ज्या मुंग्या चालवल्या ती अक्षरं होती तर. तिनं समजावून सांगितलं. जुन्या काळी राजा कुणाला जमीन दान द्यायचा, तेव्हा असा दगड पुरायचे. सूर्य-चंद्र म्हणजे ते असेतोवर हे दान चालावं. मधे दानाचा मजकूर. खाली गाढवाचं चित्र, ते जमीन बळकावणाऱ्याला शाप म्हणून. गधेगाळ म्हणतात त्याला.

"तुमच्या गावात असा दगड आहे का हो बाई?"

मी "नाही" म्हणणार होते. मग बांधावरचा तो अर्धा-अर्धा शेंदूर माझ्या डोळ्यांपुढं आला.

ती पाडव्याच्या दिवशी आली, सामानाची पिशवी घेऊन. आता शेंदूर काढायचा म्हणजे दोघांची परवानगी हवी. आबा म्हणाले, "माझ्या साइडचा काढ. पलीकडचं मला इचारू नको." तात्या म्हणाले, "आदी त्याच्या बाजूचा निगूं दे. देव कोपतोय का बगू, मग माजं सांगतो." तेव्हा माझ्या विद्यार्थिनीनं खरोखरच अर्धाच दगड सोलायला घेतला. कोमट पाण्याचा हात फिरवायचा आणि लाकडाच्या तुकड्यानं हळू ठोकायचं, की शेंदराचे जाड पापुद्रे सुटून यायचे. आबा खुर्ची टाकून ड्यूटीवर बसले. दुपारच्या सुमाराला आबांच्या अर्ध्यात वरती एक गोल दिसला, त्याला बारीक किरणं.

"सूर्य!" आबा म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की पलीकडच्या उसापर्यंत जावं.

पलीकडच्या उसातून तात्या आले. त्यांनी आबांकडं बघितलं नाही, सूर्याकडं बघितलं, मग आपल्या बाजूच्या शेंदराच्या गोळ्याकडं बघितलं. थोड्या वेळानं ते स्वतःच बादली घेऊन आले. संध्याकाळच्या आत तात्यांच्या अर्ध्यात चंद्रकोर निघाली. मधे अक्षरं निघाली, ती अगदी मुंग्यांसारखीच. आणि तळाला गाढव निघालं. गाढवाबरोबर आणखी कुणीतरी होतं. ते बघून माझी विद्यार्थिनी एकदम वहीत डोकं घालून बसली आणि म्हणाली, "उद्या सकाळी उजेड तिरका पडला की वाचू." शेंदराचा ढीग काकीनं नदीत सोडायला म्हणून फडक्यात बांधून ठेवला. तो आठ किलो तरी भरला असता. देवाला आपण किती जड केलं होतं ते त्या दिवशी कळलं.

भाऊबीजेच्या सकाळी दोघं दगडापाशी हजर, आबा आपल्या शेतात, तात्या आपल्या. मधे ती मुलगी ओलं फडकं घेऊन, आणि तिच्याशेजारी मी. ती एकेक ओळ लावत गेली. बरंच झिजलं होतं.

"राजानं ही जमीन दिलीय," ती म्हणाली.

"कुठल्या राजानं?" आबांनी विचारलं.

तिनं कोपऱ्यातल्या एका खळग्यावर बोट ठेवलं. "नाव इथं असणार. पण इथला दगडच फुटलाय. लिहिण्याची धाटणी शिलाहारांच्या काळची वाटते, आठ-नऊशे वर्षांपूर्वीची. नाव सापडणार नाही आता."

तो खळगा म्हणजे आमची नारळ फोडायची जागा. आबांनी आभाळाकडं बघितलं, तात्यांनी जमिनीकडं. ज्या राजाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या काखेत शोधत होतो, त्याचं नाव आम्हीच दर शनिवारी-मंगळवारी नारळानं फोडत आलो होतो. मला हसू आवरेना. आबा म्हणाले, "मी कडंला फोडतो. मधी कोन फोडतंय ते ज्याचं त्याला ठावं." हे ते दगडाला म्हणाले.

"बरं, जमीन दिली कुणाला?" तात्यांनी विचारलं. दोघंही एक पाऊल पुढं सरकले. मला माहीत होतं दोघांच्या मनात काय होतं. एकोणीस वर्षांची मोजणी आज राजा करून देणार होता.

"देवळातल्या दिव्याला," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी दिवा लावायला तेल लागतं, त्यासाठी."

 देऊळ आता कुठं आहे ते गावात कुणालाच सांगता आलं नसतं. जमीन ना थोरल्याच्या पूर्वजांची, ना धाकट्याच्या, आणि मुळात पूर्वज एकच, हेही दोघं विसरलेच होते. एका दिव्याची जमीन, आणि तिच्यावर दोन फिती.

मग आबांनी खाली बोट दाखवलं. "आन् ते गाढव?"

मुलगी लाल झाली. "बाई, तुम्ही सांगा ना."

मी तीस वर्षं चार वर्षांच्या मुलांपुढं बोलले, ऐंशीच्या पुढच्या मुलांपुढं कसं बोलायचं ते मला येत नव्हतं. मी म्हटलं, "शाप आहे, आबा. ही जमीन जो खाईल त्याला. वाईट शिवी आहे."

"साफ सांग. फौजेत काय भजन करीत नव्हतो मी."

"घाण शिवी आहे एवढं समजा."

आबांचा चेहरा खुलला. त्यांनी पहिल्यांदाच सरळ तात्यांच्या शेताकडं बघितलं. तात्यांचाही चेहरा खुलला होता आणि ते आबांच्या शेताकडं बघत होते. "राजानं बराबर लिवलंय," तात्या म्हशीला म्हणावं तसं उसाला म्हणाले. "खाणाऱ्याला लागली आसंल." आबा म्हणाले, "लगेगी. पक्की लगेगी." एकोणीस वर्षांत दोघांचं असं एकमत मी पाहिलं नव्हतं.

"कुनाला लागली?"

मागं आत्या उभी होती. नातवानं तिला मोटारीनं रस्त्यापर्यंत सोडलं होतं आणि तिथून ती काठी टेकत रानातून आली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात रुमालानं झाकलेलं ताट. तिला घराकडं कुणी दिसलं नाही म्हणून ती इकडं आली असावी. मी तिचं ताट घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. दिव्याचं सांगितलं. मग तिच्या कानात गाढवाचंही सांगितलं, जसं मुलीनं मला सांगितलं होतं तसं. तिथं गाढव आहे, आणि गाढवाबरोबर एक बाई आहे. जमीन बळकावणाऱ्याची आई.

आत्यानं दगडाजवळ जाऊन खाली वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"म्हंजे शिवी त्याला न्हाई," ती म्हणाली. "त्याच्या आईला हाय."

मुलीनं मान हलवली.

आत्या सरळ झाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मला तो अजून ऐकू येतो. "आन् तुमी दोगं एकोनीस वरीस ही शिवी एकमेकाला लागावी म्हनून वाट बगताय व्हय रं? आई कुनाची हाय ती? दोगांस्नी दोन आया हुत्या का? हितंच बांदाव झोळी बांदून तुमास्नी निजवायची आन् खुरपायला जायची. झोळी मी हालवायची. तवा एवडा शेंदूर नव्हता, खाली दोन कान दिसायचं, त्ये गाढवाचं हे आज उमगलं. हितंच तिनं गानं शिकिवलं मला, तुमी रडू नये म्हनून. तिला गाळी लागावी म्हनून नारळ फोडताय?"

आबांची मान खाली गेली. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. मला त्या दोघांचा कितीही राग येत असला तरी त्या क्षणी त्यांच्याकडं बघवेना.

"ताट दे," आत्या मला म्हणाली. तिनं रुमाल काढला. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं एकाच माणसापुरतं. वारा होता, दोन काड्या विझल्या, तिसरीला निरांजन लागलं. "जागा ठरली न्हाई न्हवं? मग मला भाऊ न्हाईत. चंद्र हितं हाय, त्यालाच वोवाळते." आणि ती खरोखरच ताट घेऊन दगडाच्या दिशेनं वळली.

मी काही बोलणार तेवढ्यात आबा बोलले. मान खाली घालून, पण बोलले. "आक्का, चंद्र त्याच्या साइडला हाय."

कुणाला हसायची हिंमत झाली नाही. माझी विद्यार्थिनी पदर नसताना तोंडाला पदर लावल्यासारखं करत होती.

आत्या थांबली. तिनं दगडाकडं बघितलं, आबांकडं बघितलं. "मग तू सूर्याखाली बस," ती म्हणाली. "आन् तू रं, चंद्राखाली."

दोघं पुढं आले. आता मजा अशी, की बसायला बांधच नव्हता. दोघांनी मिळून दोन्ही बाजूंनी इतका कोरला होता की दगडापुढं जेमतेम हातभर माती उरली होती. आबा बसायला गेले तर त्यांचं अर्धं बूड बांधावर आणि अर्धं सरीत, म्हणजे उसाला पाणी पाजायच्या चरात. तात्यांचं तेच, उलट्या बाजूनं. सरीत आदल्या दिवशीचं पाणी होतं. आबा घसरले, तसा तात्यांनी त्यांचा दंड धरला. तात्यांचा पाय सुटला, तसं आबांनी त्यांच्या शर्टाचा खांदा मुठीत पकडला. दोन म्हातारे, मिळून एकशे साठच्या पुढं वय, एकमेकांना आवळून त्या करंगळीएवढ्या बांधावर बसले. एकानं सोडलं असतं तर दुसरा चिखलात गेला असता, आणि हे दोघांनाही कळत होतं.

आत्यानं दोघांना एकदमच ओवाळलं. एकाच ताटानं, एकाच निरांजनानं. आबांच्या कपाळाला कुंकू लावलं, तसंच बोट तात्यांच्या कपाळाला. बोट घसरलं आणि तात्यांच्या नाकालाही लागलं. मग ताट माझ्या हातात देऊन तिनं एक बोट आबांच्या डोळ्यावर ठेवलं आणि एक तात्यांच्या.

"इकडं सूर्य," ती म्हणाली, "तिकडं चंद्र."

पुढचं ती घाईनं म्हणाली, जसं रडणाऱ्या पोरापुढं म्हणतात तसं. मुंग्यांची रांग दोघांच्या पोटावरून एकदमच गेली. गाढवाच्या वेळी तिला वाकवलं नाही, तिनं काठीनंच दोघांच्या पायांना टोचलं. "राजा कुठं रं, सांग!"

लहानपणी दोघं ज्यावर ओरडायचे, ओरबाडायचे, ती ही जागा. कुणी ओरडलं नाही.  मग तात्यांनी घसा साफ केला. त्यांनी म्हशीकडं बघितलं नाही, उसाकडं बघितलं नाही.

"तूच की, दादा," ते म्हणाले.

एकोणीस वर्षांनी ते आबांशी बोलले ते हे पहिलं. आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण हातात तात्यांचा खांदा होता.

"न्हाई," आबा म्हणाले. "ह्या टायमाला तू."

"आरं, थोरला तू हायस."

"मी लय साय खाल्ली. तू."

"‘तू’ म्हंतोय न्हवं मी!"

"मोठ्यानं वरडू नको माझ्यावर!"

आत्यानं कपाळाला हात लावला आणि ती मोठ्यानं हसायला लागली. मग मीही हसले, आणि मग मला रडूही आलं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

दोघांनी ओवाळणी काय द्यायची ते विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "साडी नको, काय नको. पुडच्या वर्षी मला बी तुमच्याजवळ बसायचंय. तेवडी जागा ठेवा."

दगडाला त्यानंतर कुणी शेंदूर लावलेला नाही. शनिवारी आबा आणि मंगळवारी तात्या तिथं नुसतं निरांजन ठेवून येतात. दिव्याची जमीन, दिवा तरी लावू, असं आबांचं म्हणणं. नारळ आता घरी फोडतात. नवीन ऊस लावताना दोघांनी आपापल्या बाजूला एकेक सरी सोडली. आधी कुणी सोडायची ह्यावरून थोडं भांडण झालं, पण ते तोंडी झालं, एकमेकांच्या तोंडावर, आणि संध्याकाळपर्यंत संपलं.

गेल्या महिन्यात मी जाऊन बघून आले. बांध चांगला रुंद झालाय. आत्या आली होती, मधे ती बसली होती आणि दोन्ही बाजूंना दोघं. तिघं ऐसपैस बसतात आता. चौथी मी, मला अजून उभंच राहावं लागतं.